दुसऱ्या गिअरमधलं फ्लॉरेन्स : जुन्या फियाट ५०० च्या सफरी पैसे वसूल करतात का?

जुन्या फियाट ५०० मधून फ्लॉरेन्स दाखवणाऱ्या सफरींची जाहिरात साधारण एकाच साच्याची असते. चिंचोळी दगडी गल्ली, तिच्यात पिवळी किंवा फिक्या निळ्या रंगाची इवलीशी गाडी, आणि मागे दुओमोचा, म्हणजे तिथल्या मुख्य चर्चचा, घुमट. हा फोटो डोक्यातून काढून टाका. भाड्याची गाडी घेऊन जुन्या गावात शिरता येत नाही, आणि तिथे बघण्यासारखं जे आहे ते पायीच बघायचं आहे. या सफरीचे पैसे वसूल होतात ते आर्नो नदीच्या दक्षिणेकडच्या टेकड्यांवर, दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये, सकाळच्या वेळी. हे ओळखून आखलेली सफर घ्यावी. ‘संपूर्ण फ्लॉरेन्स दोन तासांत’ असं सांगणारी घेऊ नये.

सफर तीन तऱ्हांनी मिळते. पहिलीत तुम्ही स्वतः चालवता, पुढे मार्गदर्शकाची गाडी आणि मागे चार-पाच पाहुण्यांच्या गाड्यांची रांग. दुसरीत चालक गाडी चालवतो, तुम्ही नुसतं बसता. तिसरीत गाडी दिवसभरासाठी भाड्याने मिळते आणि पुढचं तुमचं तुम्ही बघायचं. पहिल्यांदा जाणाऱ्याला रांगेतली सफर सगळ्यांत चांगली. रस्ता शोधावा लागत नाही, गाडी बंद पडली तर सुरू करून द्यायला माणूस असतो, आणि निर्बंधाच्या हद्दीत चुकून शिरण्याची भीती राहत नाही. तिसरा पर्याय फक्त त्यांनी घ्यावा ज्यांनी सिंक्रोमेश (गिअरच्या दात्यांचा वेग आपोआप जुळवणारी सोय) नसलेला गिअरबॉक्स आधी हाताळला आहे.

गाडी काय चीज आहे

फियाटचा अभियंता दान्ते जाकोझाने आखलेली ही गाडी जुलै १९५७ मध्ये बाजारात आली आणि १९७५ पर्यंत बनत राहिली. इटालियन लोक तिला नुसतं ‘चिंक्वेचेंतो’ म्हणतात, म्हणजे पाचशे. लांबी २.९७ मीटर, रुंदी १.३२ मीटर आणि उंचीही तेवढीच. रिकाम्या गाडीचं वजन ५०० किलोच्या आसपास. मागे हवेने थंड होणारं दोन सिलिंडरचं इंजिन. सुरुवातीच्या मॉडेलमध्ये ते ४७९ सीसीचं आणि १३ अश्वशक्तीचं होतं. भाड्याने मिळणाऱ्या गाड्यांमध्ये सहसा ४९९.५ सीसीचं, १८ अश्वशक्तीचं असतं. दोन धडधाकट माणसं बसली की दीडशे किलो वाढले, म्हणजे गाडीच्या वजनात जवळजवळ तीस टक्के भर. चढावर हा हिशोब लगेच जाणवतो.

भाड्याला बहुतेक करून ‘एफ’ (१९६५ ते १९७२) किंवा ‘एल’ (१९६८ ते १९७२) मॉडेल मिळतं. ‘एल’ म्हणजे लुस्सो, त्या काळातली चैन: गालिचा, बंपरवर जादा नळ्या आणि पेट्रोलचा काटा. ‘एफ’मध्ये काटा नाही, पेट्रोल संपत आलं की नुसता दिवा लागतो. त्याआधीच्या ‘डी’ मॉडेलची दारं मागच्या बाजूला बिजागरी असलेली, म्हणजे उलटी उघडणारी. फोटोला झकास दिसतात, पण चालत्या गाडीत दार नीट लागलं नसेल तर वारा ते ओढून उघडतो. ‘डी’ मिळाली तर निघण्याआधी दोन्ही दारं आतून ढकलून बघा.

जागेबद्दल थोडं स्पष्ट बोलायला हवं. पुढे दोन मोठी माणसं ठीक बसतात. मागचा बाक बॅग ठेवण्यापुरता किंवा लहान मुलापुरता. चार मोठी माणसं घेऊन टेकडी चढायची म्हणजे पहिल्या गिअरमध्ये रांगणं आलं. सहा फुटांहून उंच माणसाचे गुडघे स्टिअरिंगला लागतात. पुढच्या बॉनेटखाली पेट्रोलची टाकी आणि स्टेपनी असते, त्यामुळे प्रवासी बॅगेला तिथे जागा नाही. सामान हॉटेलवर ठेवूनच या.

पायात काय घालता यालाही महत्त्व आहे. पुढच्या चाकाच्या कमानीमुळे पेडल्स गाडीच्या मध्याकडे सरकलेली आहेत आणि एकमेकांना खेटून आहेत. जाड, रुंद तळव्याचा स्पोर्ट्स शू घातला की ब्रेक दाबताना ॲक्सिलरेटरही दाबला जातो. पातळ तळव्याचे, अरुंद बूट घाला. चपला-सँडल नकोतच.

सुरू करणं आणि गिअर टाकणं

चावी फिरवल्यावर गाडी सुरू होत नाही, नुसते लाल दिवे लागतात. दोन सीटच्या मध्ये, गिअरच्या दांड्यामागे, दोन छोट्या मुठी असतात. एक चोकची, दुसरी सेल्फची. गाडी थंड असेल तर चोक वर ओढा, पाय ॲक्सिलरेटरवरून काढा, सेल्फची मूठ उचला आणि इंजिन लागलं की लगेच सोडा. अर्ध्या-एका मिनिटात चोक हळूहळू खाली न्या. गरम गाडीला चोक द्यायचा नाही. इथेच निम्मे पाहुणे चुकतात. वीस मिनिटं फोटो काढून परत आले, सवयीने चोक ओढला, की पेट्रोल जास्त जातं आणि गाडी ओव्हरफ्लो होते. पेट्रोलचा वास आला तर समजा हेच झालं. मग चोक पूर्ण खाली, ॲक्सिलरेटर तळाशी दाबून धरायचा (पंप करायचा नाही) आणि सेल्फ पाच-सात सेकंद. तरीही लागली नाही तर दोन मिनिटं थांबा. सेल्फ मारत राहिलात तर बॅटरी बसेल.

गाडी मंद चालत असताना चार्जिंगचा लाल दिवा लागलेला राहिला तर घाबरू नका. या गाडीला अल्टरनेटर नसून डायनॅमो आहे आणि तो कमी फेऱ्यांवर पुरेशी वीज बनवत नाही. रेस दिल्यावर दिवा विझला पाहिजे. ऑइलच्या दिव्याचं मात्र वेगळं. इंजिन तापल्यावर मंद चालीत तो जरा लुकलुकेल, पण रेस देऊनही लागलेला राहिला तर तिथेच गाडी बंद करून मार्गदर्शकाला हाक मारा.

आता गिअर. चार पुढचे, एकालाही सिंक्रोमेश नाही. आधुनिक गाडीत गिअर बदलताना दात्यांचा वेग जुळवण्याचं काम गिअरबॉक्स स्वतः करतो. इथे ते तुम्ही करायचं. आपल्याकडचे जुने ट्रकचालक ज्याला डबल क्लच मारणं म्हणतात तेच. इटालियनमध्ये त्याला ‘दोप्पिएत्ता’ म्हणतात. वरचा गिअर टाकताना घाई न करता न्यूट्रलमध्ये क्षणभर थांबलात तरी पुरतं. खालचा गिअर टाकताना मात्र पूर्ण विधी करायचा: क्लच दाबा, दांडा न्यूट्रलला आणा, क्लच सोडा, थोडी रेस द्या, पुन्हा क्लच दाबा, खालचा गिअर टाका. रेस दिली नाही तर खरखर होते आणि दांडा परत हातात येतो. जोर लावून ढकलू नका, पुन्हा न्यूट्रलपासून सुरू करा. पहिला गिअर तर गाडी पूर्ण थांबल्याशिवाय टाकायचाच नाही.

त्यावरून चढाचा नियम निघतो: दुसऱ्या गिअरमध्ये चढता चढता इंजिन कण्हायला लागण्याआधी निर्णय घ्या. चढ सुरू होण्याच्या आधीच तिसऱ्या गिअरमधून दुसऱ्यात या, चढाच्या मधोमध नाही. दुसऱ्यात साधारण ४० पर्यंत गाडी आरामात जाते आणि टेकड्यांवर त्याहून जास्त वेग लागत नाही.

उजवीकडे स्टिअरिंग असलेल्या गाड्यांची सवय असलेल्यांना आणखी एक अडचण येते. इथे स्टिअरिंग डावीकडे, गिअर उजव्या हाताला, रस्त्याची बाजू उजवी. पहिल्या दहा मिनिटांत गिअर शोधणारा डावा हात दाराच्या हँडलवर जात राहतो. त्यातच डबल क्लच. म्हणून सफर निवडताना विचारायचा पहिला प्रश्न हा: निघण्याआधी सराव किती वेळ आणि कुठे देता? मोकळ्या आवारात पंधरा-वीस मिनिटांचा सराव, त्यात किमान एकदा चढावर उभी गाडी पुढे काढणं आणि दोनदा रिव्हर्स टाकणं, एवढं तरी हवं. ‘पाच मिनिटांत शिकाल’ म्हणणाऱ्याकडे क्लचप्लेटी वारंवार बदलल्या जात असणार, आणि त्याचं बिल डिपॉझिटमधून वसूल होण्याची शक्यता मोठी.

एक आतली गोष्ट. भाड्याच्या बऱ्याच गाड्यांच्या पोटात फियाट १२६ चे अवयव असतात. १२६ हे ५०० चंच पुढचं मॉडेल; तिचं ५९४ किंवा ६५२ सीसीचं इंजिन आणि वरच्या तीन गिअरना सिंक्रोमेश असलेला गिअरबॉक्स जुन्या ५०० मध्ये बसवता येतो. शुद्धतावादी नाक मुरडतात. पण पाहुण्याच्या दृष्टीने हा बदल सरळसरळ फायद्याचा आहे: चढावर दम राहतो आणि डबल क्लचची कटकट निम्मी होते. बुकिंगच्या वेळी ‘मोटर १२६ ची आहे का?’ असं विचारा. ज्याला ठाम उत्तर देता येतं त्याला आपल्या गाड्या माहीत आहेत.

रस्ता : कुठे जावं, कुठे जाऊ नये

१८६५ ते १८७१ या काळात फ्लॉरेन्स इटलीची राजधानी होतं. तेव्हा जुसेप्पे पोज्जी या वास्तुविशारदाने जुनी तटबंदी बरीचशी पाडून भोवती रुंद रस्ते काढले आणि दक्षिणेच्या टेकड्यांवरून ‘व्हियाले देई कोल्ली’, म्हणजे टेकड्यांचा रस्ता, नेला. पियात्सा फेरुच्ची या चौकापासून पोर्ता रोमाना या जुन्या वेशीपर्यंत सहा किलोमीटरच्या आसपासचा हा रस्ता, तीन नावांचा: मिकेलान्जोलो, गॅलिलिओ, माकियावेली. तो घोडागाड्यांसाठी आखला होता. म्हणून चढ सौम्य, वळणं मोठी, दोन्ही बाजूंना झाडी. १८ अश्वशक्तीच्या गाडीसाठी याहून योग्य रस्ता शहरात दुसरा नाही. घोड्याला दम लागू नये म्हणून केलेली सोय शंभर वर्षांनी चिंक्वेचेंतोच्या कामी आली, म्हणायचं.

पियात्सा फेरुच्चीकडून वर निघालात की साधारण दोन किलोमीटरवर पियात्साले मिकेलान्जेलो लागतं. मधोमध मिकेलान्जेलोच्या डेव्हिड पुतळ्याची ब्राँझची प्रतिकृती, कठड्यापलीकडे सगळं शहर. इथे वेळेचा हिशोब ठेवा. हे पठार शहराच्या आग्नेयेला आहे, त्यामुळे कठड्याकडे तोंड केलं की तुम्ही वायव्येला बघत असता. सकाळी सूर्य पाठीशी-उजवीकडे असतो आणि दुओमोचा, ब्रुनेलेस्कीने बांधलेला घुमट लख्ख उजळतो. संध्याकाळी सूर्य समोर जातो, आकाश सुंदर दिसतं पण इमारती काळ्या आकृत्या होतात, आणि गर्दी एवढी की गाडी लावायला जागा मिळत नाही. सफरवाले ‘सूर्यास्त सफर’ जास्त पैशांना विकतात. गाडी चालवायची हौस असेल तर सकाळची घ्या. सूर्यास्त बघायला नंतर बसने या.

थोडं वर सान मिनियातो आल मोन्ते. हिरव्या-पांढऱ्या संगमरवराच्या दर्शनी भिंतीचं हे चर्च अकराव्या शतकातलं. बऱ्याच सफरी इथे थांबत नाहीत, कारण पियात्सालेवरच फोटो उरकतात. थांबणारी सफर निवडा. पायऱ्यांवरून दिसणारं शहर तेच, माणसं निम्मी.

पुढे व्हियाले गॅलिलिओवरून डावीकडे आर्चेत्रीला वळलं की सफरीचा सर्वांत चांगला तुकडा सुरू होतो. दोन्ही बाजूंना डोक्याहून उंच दगडी भिंती, त्यांच्यावरून डोकावणारी ऑलिव्हची झाडं, आणि रस्ता इतका अरुंद की समोरून आजची गाडी आली की कुणीतरी मागे सरकायचं. १.३२ मीटर रुंदीचं महत्त्व इथे कळतं. तुम्ही भिंतीला लागून उभे राहिलात की समोरचा बहुधा निघून जातो. पियान देई जुल्लारीच्या वस्तीत ‘इल जोयेल्लो’ नावाचं घर आहे. चर्चने शिक्षा सुनावल्यावर गॅलिलिओ इथेच नजरकैदेत राहिला आणि जानेवारी १६४२ मध्ये इथेच वारला. रस्त्यावरून दिसते ती साधी भिंत आणि पाटी, पण जवळच आर्चेत्रीची वेधशाळा आहे आणि दोन्हींचा संबंध लावून सांगणारा मार्गदर्शक असला तर दहा मिनिटं सार्थकी लागतात. परत व्हियालेवर येऊन माकियावेलीच्या वळणांनी पोर्ता रोमानाला उतरायचं. अशी सफर थांबे धरून अडीच तासांत व्हावी. त्याहून कमी वेळात उरकणारे फक्त पियात्सालेपर्यंत नेऊन आणतात.

उत्तरेकडचं फिएसोले? गाव सुरेख आहे, रोमन रंगमंच आहे, वरून दिसणारं शहर वेगळं दिसतं. पण तिथे पोचायला आधी पोज्जीचेच रुंद शहरी रस्ते पार करावे लागतात, आणि आज तिथे सिग्नल, बस, ट्राम, स्कूटर यांची झुंबड असते. हवेने थंड होणारं इंजिन पंखा फिरेल तेवढंच थंड राहतं. मंद चालीत पंखाही मंद. जुलै-ऑगस्टच्या उन्हात अशा गर्दीत अर्धा तास काढला की पेट्रोलची वाफ होऊन पुरवठा तुटतो आणि गाडी बंद पडते. थंड झाल्याशिवाय ती सुरू होत नाही. फिएसोले करायचंच तर सान दोमेनिकोवरून जाणाऱ्या मुख्य रस्त्याने, सकाळी लवकर. ‘व्हिया वेक्या फिएसोलाना’ हा जुना रस्ता दाखवायचा मोह काही सफरींना होतो. तो भयंकर तीव्र चढाचा आणि अरुंद आहे, नवशिक्याच्या क्लचची तिथे राख होते. फिएसोलेला शहराची सात नंबरची बस जाते, तीच बरी.

उतारावर एक पथ्य. चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत, पायाचा जोर वाढवणारा सर्व्हो नाही. पेडल आधुनिक गाडीपेक्षा कितीतरी जोरात दाबावं लागतं आणि सारखं दाबलं की ड्रम तापून पकड सुटते. ज्या गिअरने चढाल त्याच गिअरने उतरा, ब्रेक थोडा वेळ दाबून सोडा, पुन्हा दाबा. न्यूट्रलमध्ये उतार कधीच नाही.

रांगेत चालवताना शक्य असेल तर मार्गदर्शकाच्या लगेच मागची जागा धरा. तो कुठे गिअर बदलतो, कुठे ब्रेक लावतो ते दिसतं. शेवटच्या गाडीला सिग्नलवर तुटल्यावर दरवेळी पळत गाठावं लागतं. दुसऱ्या जागेचा तोटा एकच: पुढच्याचा धूर उघड्या टपातून आत येतो. बाय द वे, ते कापडी टप उघडंच ठेवा. एसी नाही, आणि बंद गाडीत इंजिनचा आवाज डोक्यात घुमतो. गाडी तापवायची गरम हवा इंजिनावरूनच आत येते. उन्हाळ्यात पाय भाजत असतील तर मागच्या सीटखालची झडप उघडी राहिली आहे, ती बंद करून मागा.

झेडटीएल, पट्टे आणि वाइन

जुन्या गावाभोवती ‘झेडटीएल’ म्हणजे मर्यादित वाहतुकीचा विभाग आहे. सोमवार ते शुक्रवार सकाळी ७.३० ते रात्री ८ आणि शनिवारी दुपारी ४ पर्यंत परवानगीशिवाय गाडी नेता येत नाही. उन्हाळ्यात गुरुवार ते शनिवार रात्रीचे निर्बंधही असतात. तारखा आणि तास बदलतात, म्हणून वेशीवरची पाटी वाचायची. ‘वार्को आत्तीवो’ म्हणजे वेस चालू, आत जाऊ नका. ‘आत्तीवो’ बघून ‘चालू आहे, म्हणजे जाता येईल’ असा उलटा अर्थ लावणारे पर्यटक दंडाचे हमखास धनी. कॅमेरा नंबरप्लेट टिपतो आणि दंड ८० युरोच्या पुढे. एकाच फेरीत दोन वेशी ओलांडल्या तर दोन दंड होऊ शकतात. गाडी जुनी आहे, गोड आहे, म्हणून कुणी सोडत नाही.

दिवसभराच्या भाड्यात गाडी कुठून घ्यायची हे म्हणून महत्त्वाचं. गॅरेज झेडटीएलच्या बाहेर, शक्यतो आर्नोच्या दक्षिणेला असेल तर उत्तम. पार्किंगच्या निळ्या रेघा पैसे देऊन, पिवळ्या राखीव, आणि पांढऱ्या रेघा इथे बऱ्याचदा रहिवाशांसाठी असतात. शेजारची पाटी बघितल्याशिवाय फुकट समजू नका. पेट्रोल भरताना ‘बेन्झिना’ मागा. ‘गासोलिओ’ हा शब्द कानाला गॅसोलिनसारखा लागतो, पण ते डिझेल. टाकीचं झाकण पुढच्या बॉनेटखाली आहे, त्यामुळे पंपावर गाडीचं तोंड पंपाकडे करून उभी करा. ‘सेर्व्हितो’ लिहिलेल्या पंपावर माणूस भरून देतो आणि लिटरमागे जास्त घेतो.

मुलं बरोबर असतील तर पुढचं नीट वाचा. मूळ रचनेतच सीटबेल्टची सोय नसलेल्या जुन्या गाड्यांना इटलीत बेल्टची सक्ती नाही. मात्र अशा गाडीत तीन वर्षांपर्यंतच्या मुलाला नेताच येत नाही, आणि त्याहून मोठ्या मुलाची उंची १.५० मीटरपेक्षा जास्त असेल तरच त्याला पुढच्या सीटवर बसवता येतं. काही मालकांनी पट्टे बसवून घेतले आहेत. बुकिंग करताना मुलांची वयं आणि उंची सांगून लेखी उत्तर घ्या. ‘चालतं हो’ हे उत्तर नव्हे.

युरोपियन संघाबाहेरचा परवाना असेल तर मूळ परवान्यासोबत इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट हवा. नुसता परमिट चालत नाही, दोन्ही लागतात. आणि वाइन चाखण्याचा थांबा असलेली सफर स्वतः चालवत घेऊ नका. रक्तातल्या मद्याची मर्यादा लिटरला ०.५ ग्रॅम, एकवीस वर्षांखालच्यांना आणि परवाना मिळून तीन वर्षं न झालेल्यांना शून्य. दोघांपैकी एकाने चाखायचं आणि दुसऱ्याने चालवायचं, हे भांडण निघण्याआधीच मिटवा.

आणखी पर्याय

चालकासह सफर घ्यायची तर त्याच्याकडे ‘एनसीसी’ म्हणजे चालकासह भाड्याचा परवाना आहे का ते विचारा. असा परवानाधारक परवानगी घेऊन झेडटीएलमध्येही शिरू शकतो, त्यामुळे चालायला त्रास होणाऱ्या ज्येष्ठांसाठी हीच सफर योग्य. पण मागच्या सीटवर चढणं-उतरणं गुडघ्यांची परीक्षा बघतं. दोन ज्येष्ठ असतील तर एकाला मागे बसावं लागणारच, हे आधी लक्षात घ्या.

दक्षिणेकडच्या किआंती या वाइनच्या भागात, म्हणजे ग्रेव्हे गावापर्यंत आणि पुढे जायचं असेल तर ५०० नको. एसआर २२२ हा रस्ता सुंदर, पण मागे लागलेल्या स्थानिक गाड्यांना तुमचा ५० चा वेग सहन होत नाही आणि दर दोन किलोमीटरवर बाजूला घ्यावं लागतं. तिथे अल्फा रोमिओची स्पायडर घ्या. १९६६ ची दुएत्तो मिळाली तर १५७० सीसी, पाच गिअर, सिंक्रोमेश आणि चारही चाकांना डिस्क ब्रेक. चालवायला सोपी, अर्थात भाडं आणि डिपॉझिटही त्या मानाने.

दर सांगताना कुणी माणशी सांगतो, कुणी गाडीमागे. दोघं असाल तर फरक मोठा पडतो. एकट्याला पूर्ण गाडीचे पैसे द्यावे लागतात. विम्यात नुकसानीचा पहिला किती हिस्सा तुमच्यावर हे विचारा, इटालियनमध्ये त्याला ‘फ्रांकीज्या’ म्हणतात, आणि क्लच त्यात धरला आहे की वगळला आहे हेही. पाऊस आला तर तारीख बदलून मिळते की पैसे परत, ते लिहून घ्या. ओल्या दगडी फरसबंदीवर अरुंद टायरची ही गाडी घसरते, त्यामुळे पावसात सफर रद्द करणारा मालक शहाणाच समजा.

गाडी ताब्यात घेताना आणि परत देताना चारही बाजूंचे फोटो काढा, आणि करारावर दोन्ही वेळा तास-मिनिटांसह लिहून घ्या. परदेशी चालकाला वाहतुकीच्या दंडाची नोटीस ३६० दिवसांपर्यंत पाठवता येते. त्याच गाडीतून तुमच्यानंतर दुपारी कुणी वेस ओलांडली असेल आणि नोटीस तुमच्या नावाने आली, तर तो कागदच तुमची बाजू मांडेल. वर्षभर फाइलला लावून ठेवा.